त्रेचाळीस घरांना दिलेला शब्द

"श्वास धरू नकोस. सोडत सोडत चाक फिरव," बू तिन म्हणाली. "श्वास धरला की खांदा ताठतो, आणि खांदा ताठला की काप फाटलाच म्हणून समज."

वेनिंगनं श्वास सोडला. यंत्राचं चाक हळूच फिरलं आणि पात्यावरून मेणात बसवलेल्या मेंदूची एक पट्टी उलगडत आली, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. बाकीच्या सहा प्रशिक्षणार्थींच्या माना आपोआप पुढे झाल्या. बू तिननं कुंचल्याच्या टोकानं पट्टी उचलली, कोमट पाण्यावर सोडली, खालून काच घातली आणि अलगद वर घेतली. एक सुरकुती नाही.

"बू, तुमचा हात बघून आम्हाला आमचे हात कापून टाकावेसे वाटतात," मागून कोणीतरी म्हणालं.

"कापा, पण सरळ कापा," बू तिन म्हणाली. सगळे हसले. "उंदराचा मेंदू आहे म्हणून हसताय. माणसाचा समोर येईल तेव्हा बघते."

"कधी येणार पण? चौथ्या मजल्यावरचं कपाट तर रिकामंच आहे."

"थंडाव्याचं काम उरकलं की येतील पेट्या. थोडा दम धरा."

तिचं खरं नाव मुर्तिनी, पण ते फक्त हजेरीपटावर होतं; सगळ्यांना ती बू तिन, म्हणजे तिनबाई. शरीरशास्त्र विभागात ती बाविसाव्या वर्षी मदतनीस म्हणून लागली, आता सत्तावन्न पुरी झाली होती. चार महिन्यांनी निवृत्ती. पदवी नव्हती, इंग्रजी यथातथाच होतं. पण जावा बेटावरच्या या सेमारांग शहरातल्या ज्या ज्या डॉक्टरनं माणसाच्या मेंदूचा काप भिंगाखाली पाहिला होता, त्यातल्या बहुतेकांनी तो तिच्या हातचा पाहिला होता. टेकडीवरचं हे नवं मेंदूविज्ञान केंद्र उभं राहिलं तेव्हा यंत्रं कुठे मांडायची, पाण्याचे नळ किती उंचीवर, रंगांच्या बाटल्या खिडकीपासून किती दूर, सगळं तिला विचारून ठरलं होतं. वास्तुरचनाकार तिच्यामागे वही घेऊन फिरत असे. त्या दिवसांत ती घरी जाताना उगाचच एक वळसा घालून इमारतीच्या समोरून जायची.

मधल्या सुट्टीत सगळी पोरं खाली गेली. वेनिंग तेवढी मागे राहिली. वोनोसोबोकडची ही डोंगरातली मुलगी, बोलायला भित्री, पण हाताची चांगली. ती मोबाइल पुढे करत म्हणाली, "बू, हे बघा ना. आपल्याशी करार असलेल्या त्या परदेशी विद्यापीठानं फोटो टाकलाय. तुमचं अक्षर आहे हो यात!"

बू तिननं चष्मा कपाळावरून खाली घेतला.

पांढरीशुभ्र खोली होती. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर निळ्या पेट्या. प्रत्येक पेटीवर जाड काळ्या शाईनं घातलेला आकडा. सातच्या पोटातून आडवी रेघ, चारचं तोंड बंद. असे आकडे ती शाळेपासून काढत आली होती. एक पेटी उघडी होती. आतल्या डब्याभोवती सेमारांगचं वर्तमानपत्र गुंडाळलेलं दिसत होतं. आठ आठवड्यांपूर्वी तिनं स्वतः गुंडाळलेलं.

"खाली काय लिहिलंय?"

वेनिंगनं आनंदानं वाचून सांगितलं, "आग्नेय आशियातला दुर्मीळ संग्रह आता आमच्याकडे कायमचा. त्रेचाळीस मेंदू. तुमच्यामुळे आपलं नाव झालं की, बू!"

बू तिननं तो फोटो बोटांनी मोठा केला, सतरा नंबरची पेटी शोधली, आणि मोबाइल परत दिला.

"जेवून घे जा," ती म्हणाली. "दुपारी रंगवायला शिकायचंय."

*

हा संग्रह सुरू केला तो जुने प्राध्यापक सुहार्जो यांनी, एकोणीस वर्षांपूर्वी. त्यांचं म्हणणं असं, की आपली पोरं मेंदूचे आजार परक्यांच्या चित्रांतून शिकतात; आपल्या माणसांना काय होतं ते आपल्या माणसांच्याच मेंदूत बघायला हवं. पण मागायचं कोणी? मरण झालेल्या घरी, माती व्हायच्या आत, प्रेताशेजारी बसून मेंदू मागायचा. प्राध्यापकांनी दोनदा प्रयत्न केला. एका घरातून त्यांना चपला न घालताच पळावं लागलं. मग ते बू तिनला घेऊन जाऊ लागले, आणि पुढे ती एकटीच जाऊ लागली.

ती काही पटवत नसे. आधी भांडी घासायला बसे, रडणाऱ्या बाईच्या पाठीवरून हात फिरवी, आणि विचारण्याची वेळ आली की सरळ विचारी. लोकांचा प्रश्न ठरलेला असे: "नेणार कुठे?" आणि तिचं उत्तर ठरलेलं असे: "कुठेही नाही. इथंच, आपल्या शहरात, आमच्या कपाटात. आपल्या पोरांना शिकायला. तुम्हाला वाटेल तेव्हा येऊन बघा." शंभर घरांनी नाही म्हटलं असेल. त्रेचाळीस घरांनी हो म्हटलं.

त्यातलं सतरावं घर पाक दार्माजींचं, म्हणजे दार्माजीरावांचं. ते बंदरातल्या बोटींवर यंत्रं सांभाळायचे. त्यांची बायको तेरेसिया तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. पंचावन्नाव्या वर्षी तिला विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग नवरा. शाळेतली भाषा गेली, आणि शेवटी उरली फक्त लहानपणची जावानीज बोली. ती गेली त्या सकाळी बू तिननं विचारलं तेव्हा पाक दार्माजी म्हणाले, "न्या. तिला शिकवल्याशिवाय चैन पडायचं नाही. इथल्या पोरांना शिकवतेय म्हटल्यावर खूश असेल."

तेव्हापासून दर वर्षी ऑगस्टमध्ये, तिच्या तिथीला, ते इस्त्रीचा बाटिक सदरा घालून यायचे. हातात नारळाच्या वड्यांचा पुडा. "तेरेसियाबाईंच्या वर्गाला खाऊ," असं म्हणून तो विद्यार्थ्यांना द्यायचे, कपाटासमोर खुर्ची ओढून दहा मिनिटं बसायचे, तिच्याशी जावानीजमध्ये काहीबाही बोलायचे आणि निघून जायचे. या वर्षीच्या तिथीला तीन आठवडे उरले होते.

*

केंद्राचा प्रमुख डॉक्टर लुकितो याची खोली चौथ्या मजल्यावर होती. खिडकीतून थेट समुद्र दिसायचा, आणि समुद्राच्या अलीकडे खालच्या शहराची ओलसर छपरं. जुनी प्रयोगशाळा तिथंच होती. भरतीचं पाणी वर्षातून चार-पाचदा तळमजल्यात शिरायचं. एकदा सकाळीच शिरलं ते गुडघ्याच्या वर आलं. त्या दिवशी प्राध्यापक गावाला; बू तिन आणि तेव्हा विद्यार्थी असलेला लुकितो, दोघांनी मिळून एकोणीस डबे जिन्यानं वर नेले. पाण्यातल्या काचेनं त्याचा तळपाय उभा चिरला, तिनं आपला डोक्याचा रुमाल सोडून बांधला, आणि तरी तो थांबला नाही. सूर्य मावळायला दोघं पायरीवर बसून तिच्या डब्यातला भात खात होते, तेव्हा तो म्हणाला होता, "बू, मी मोठा झालो ना, की या सगळ्यांना टेकडीवर घर बांधून देईन."

आणि त्यानं बांधलं. दिल्लीपासून टोकियोपर्यंत हेलपाटे घातले, मंत्र्यांच्या दारात बसला, आणि बांधलं.

"बू! बसा ना," तो उठून उभा राहिला. अजूनही तो तिच्यासाठी उठायचा.

ती बसली नाही. "डॉक्टर, पेट्या कुठे आहेत?"

लुकितोनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जाऊन दार लावून घेतलं.

"मी सांगणारच होतो तुम्हाला. उद्घाटनाची गडबड एकदा उरकली की शांतपणे सांगणार होतो."

"परत कधी येणार त्या?"

"परत?" तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "बू, त्या परत यायच्या नाहीत. कायमच्या दिल्यात. त्याच्या बदल्यात खालचं ते मोठं यंत्र आलं, जिवंत माणसाच्या मेंदूची चित्रं काढणारं. त्यांचे शिक्षक दहा वर्षं इथं येऊन शिकवतील. दर साल आपली दोन पोरं तिकडे जातील. वेनिंगचं नाव घातलंय मी पहिल्याच यादीत. खालच्या शहरात ते डबे सडून गेले असते. तिकडे जगभरची माणसं त्यांवर काम करतील."

"थंडाव्याचं काम आहे, महिन्याभरासाठी पेट्या बांधून ठेवायच्यात, असं म्हणाला होतात तुम्ही."

त्यानं खुर्ची टेबलाखाली सरकवली.

"मी पाच दिवस खपून बांधल्या. हादरा लागू नये म्हणून घरची गोधडी फाडून आत घातली. मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

हे तो चढ्या आवाजात बोलला नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं बोलला. बू तिनला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आणि ती सही?"

लुकितोनं टेबलाकडे पाहिलं. "कपाट तुमच्या ताब्यात होतं. तुमच्या सहीशिवाय त्यांनी पेट्या घेतल्या नसत्या."

"कशावर केली मी सही? जागा बदलायचा कागद आहे म्हणालात. आता वाचून दाखवा."

त्यानं कपाटातून फाइल काढली. दोन पानं इंग्रजी, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी तिचं गोल गोल अक्षर. तो अडखळत अर्थ सांगू लागला. नमुने शिक्षण आणि संशोधनासाठी मिळालेले आहेत. ताबाधारकाच्या माहितीप्रमाणे, कोणत्याही कुटुंबानं कोणतीही अट घातलेली नाही.

बू तिननं खुर्ची धरली आणि आता ती बसली.

"प्रत्येक घरून आले की मी तुलाच सांगत होते रे," ती म्हणाली. लोकांसमोर लावायचं 'तुम्ही' कुठल्या कुठे गळून पडलं. "कोण काय म्हणालं, कोणी काय विचारलं. तू भात खात खात ऐकायचास. पाक दार्माजींचं ऐकून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"ते सगळं तोंडी, बू. कागदावर 'इथंच' असं एक अक्षर नाही. मी वकिलाला दाखवून घेतलं."

"म्हणजे माझं तोंड काही नाही."

"तसं नाही म्हणत मी..."

"घर बांधलंस खरं. आणि ज्यांच्यासाठी बांधलंस त्यांनाच बाहेर काढलंस. तेही माझ्या हातून."

लुकितो तिच्यासमोर येऊन टेबलाच्या कडेवर टेकला. त्याचा आवाज मऊ झाला, अगदी विद्यार्थ्यासारखा. "बू, ऐका. निवृत्तीनंतर पाच वर्षं तुम्ही इथं मुख्य प्रशिक्षक. पदवी नसताना! कुलगुरूंशी भांडून मंजूर करून घेतलंय मी. दारावर तुमच्या नावाची पाटी लागेल. फक्त एक करा, घरोघर जाऊन सांगत बसू नका. इतकी वर्षं झाली. कोणाचं भलं होणार आहे त्यानं? लोकांची जुनी दुःखं उकरून काढायची कशाला?"

ते पद तिला हवं होतं, हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. घरी कोणी नव्हतं. सकाळी उठून जावं, जिथे हात शिवशिवावेत, अशी एकच जागा होती ती ही. दुपारी पोरांना रंग शिकवायचा होता. जांभळा रंग किती वेळ ठेवायचा हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, तिच्या डोळ्यांत होतं.

"पाक दार्माजी आले तर काय सांगायचं ठरवलंयस?" तिनं विचारलं.

"नवीन जागी ठेवलंय म्हणायचं. आत जायला परवानगी नाही. हे काही खोटं नाही."

बू तिन उठली. दाराशी पोचल्यावर तिनं विचारलं, "तळपाय अजून दुखतो का?"

"पावसाळ्यात," लुकितो म्हणाला. "थोडा."

तिनं मान हलवली आणि बाहेर पडली. दुपारी ठरल्याप्रमाणे रंग शिकवला. मग रजेचा अर्ज लिहिला; कारण या रकान्यात 'घरोघरी जायचे आहे' असं लिहिलं, आणि नोंदवहीवरून त्रेचाळीस पत्ते उतरवून घेतले.

*

पाक दार्माजींकडे आधी जायला हवं होतं. पण तिचा धीर झाला नाही, म्हणून तिनं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली.

अकरा घरं सापडलीच नाहीत. माणसं गाव सोडून गेली होती, नाहीतर वस्ती समुद्रानं गिळली होती. उंगारानच्या एका घरी मुलगा म्हणाला, "अहो बू, आम्ही तर विसरूनही गेलो होतो. तुम्ही कशाला एवढ्या उन्हात आलात?" आणि तिला सरबत दिलं. तिनं अर्धा पेला तसाच ठेवला. देमाकच्या रस्त्यावर एका म्हातारीनं तिचा दंड घट्ट धरला आणि विचारलं, "माझा पोर विमानानं गेला का ग? त्याला कधी विमानात बसायला मिळालं नव्हतं." एका घरी सुनेनं दार अर्धं उघडून सगळं ऐकलं, म्हणाली, "तुम्ही कोणालाही काहीही सांगता, नाही का?" आणि दार लावून घेतलं. बू तिन त्या दारासमोर उभी राहून कागदावर खूण करायला पेन शोधू लागली, तर पेन हातातच होतं.

कोणी तक्रार केली, कोणी वर्तमानपत्राला कळवलं. दोन दिवस बातमी आली. केंद्रानं उत्तर दिलं, की सर्व व्यवहार कायदेशीर असून ताबाधारक कर्मचाऱ्याची सही उपलब्ध आहे. सहीचा फोटोही छापून आला. लुकितोचा फोन आला नाही. दहाव्या दिवशी वेनिंगचा निरोप आला: 'बू, शिकवण्याच्या वेळापत्रकातून तुमचं नाव काढलंय. आम्हाला आता कोण शिकवणार? मी तिकडे जाऊ की नको?'

बू तिननं रस्त्याच्या कडेला थांबून एकेक अक्षर दाबत उत्तर लिहिलं: 'जा. चांगलं शिक. सतरा नंबरवर काम करायची वेळ आली तर पातं नवीन घाल.'

शेवटचा राहिलेला पत्ता खालच्या शहरातला होता.

सकाळचे नऊ वाजले होते. पाक दार्माजी अंगणात झाडांना पाणी घालत होते. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अरे, बू तिन! तिथी तर पुढच्या मंगळवारी. मीच येणार होतो की. या, आत या."

त्यांनी पंखा लावला, खुर्ची पुसून दिली, स्वतः आत जाऊन चहा केला. मोगऱ्याच्या वासाचा गोड चहा, काचेच्या उभ्या ग्लासात, वर झाकण. तो तिच्यासमोर ठेवून ते समोर बसले. ते वर्तमानपत्र वाचत नसत. डोळे अधू झाले होते. बू तिननं मांडीवर हात ठेवले आणि सगळं सांगितलं. पेट्या तिनं बांधल्या. सही तिची. न वाचता केली. आता तेरेसियाबाई परत येणार नाहीत.

लुकितोचं नाव तिनं घेतलं नाही. ते सांगायला ती आली नव्हती.

पंखा फिरत होता. पाक दार्माजींनी विचारलं, "थंडी असते का तिकडे?"

"हो. फार असते म्हणतात."

"नीट बांधलं होतं ना तिला?"

"मी स्वतः बांधलं."

त्यांनी मान हलवली. खिडकीबाहेर पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "तिकडची पोरं काय बोलतात, तिला काय कळणार?" ते म्हणाले. "शेवटी शेवटी तर तिला आपलीच बोली तेवढी कळायची. वर्षातून एकदा मी जायचो, तेवढंच कानावर पडायचं."

बू तिनला तहान लागली होती. पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता पोटात. ग्लासाच्या झाकणाखाली वाफेचे थेंब जमले होते, एकेक करून चहात पडत होते. घरधन्यानं 'घ्या' म्हटल्याशिवाय पाहुण्यानं ग्लासाला हात लावायचा नाही, ही इथली रीत लहान पोरालाही ठाऊक. आणि पाहुण्याला 'घ्या' म्हणायला पाक दार्माजी कधी विसरले नव्हते. वड्यांचा पुडा उघडतानासुद्धा एकेका विद्यार्थ्याला वेगळं वेगळं म्हणायचे.

ती थांबली. पाक दार्माजी तिच्याकडे बघत होते, रागानं नव्हे; त्यांनी ओठ किंचित हलवलेही. पण तो शब्द आला नाही. झाकणाखालचे थेंब पडायचे थांबले, काचेवरची वाफ विरून चहा आरपार तांबूस दिसू लागला.

मग बू तिन उठली, कमरेत वाकून निरोप घेतला. तेही उठले, फाटकापर्यंत आले, आणि ती बाहेर पडल्यावर त्यांनी कडी आवाज न करता लावली.